सराव पाठासाठी साहित्य कुठे आणि कसं शोधायचं: इंदूरच्या छात्राध्यापकांसाठी

सोमवारी वर्ग आणि घटक कळतो, गुरुवारी पाठ असतो. मधल्या दिवसांत बहुतेक छात्राध्यापक तीन गोष्टी करतात. वरच्या बॅचच्या ताईची जुनी फाइल मिळवतात, खजूरी बाजारातून एक तयार चार्ट आणतात आणि मोबाइलवर घटकाचं नाव टाकून जे वर येईल ते उतरवून घेतात. यातलं काहीच वाईट नाही. मात्र असं केलं की साहित्य आधी येतं आणि पाठ त्याच्यामागे ओढला जातो. चार्टवर जे आहे तेच शिकवलं जातं, मग वर्गाला त्याची गरज असो वा नसो. बी.एड.च्या दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. एवढ्या काळात शोधण्याची रीत बसली, तर नोकरी लागल्यावर ती रोज कामाला येईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी प्रश्न ठरवा, मग साहित्य शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पहिली पायरी: एक वाक्य लिहा

कोरा कागद घ्या आणि तास संपल्यावर मुलं काय करू शकतील ते एका वाक्यात लिहा. ‘सूक्ष्मजीवांची माहिती देणे’ असं लिहिलंत तर काहीही शोधता येणार नाही, कारण माहिती तर ढीगभर आहे. त्याऐवजी लिहा: ‘केळीची साल मातीत नाहीशी होते, चिप्सचं पाकीट तसंच राहतं, हे कशामुळे, ते मुलं कारणासह सांगतील.’ या वाक्यातच साहित्याची यादी आली आहे: माती, साल, पाकीट, आणि काही आठवड्यांचा वेळ.

वाक्य सुचत नसेल तर एनसीईआरटीने २०१७ मध्ये काढलेला प्राथमिक स्तरावरच्या अध्ययन निष्पत्तींचा (शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं त्याचा) दस्तऐवज उघडा. इयत्ता आणि विषयवार निष्पत्ती त्यात आहेत. त्या तशाच्या तशा टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, उतरवू नका. मोठी निष्पत्ती घेऊन तिचा पस्तीस-चाळीस मिनिटांत बसेल एवढाच तुकडा काढायचा असतो, आणि तो काढणं हे तुमचं काम आहे.

दुसरी पायरी: पाठ्यपुस्तक, पण मुलांच्या हातातलं

हे सांगायची वेळ येऊ नये, तरी दरवर्षी येते. टाचण ज्या पुस्तकावरून लिहिलं, तेच पुस्तक वर्गातल्या मुलांकडे आहे का ते पाहा. एनसीईआरटीची पुस्तकं अलीकडे बरीच बदलली. २०२२ च्या अभ्यासक्रम-कपातीत सहावीच्या विज्ञानातला कचऱ्यावरचा पूर्ण धडा वगळला गेला. २०२४ मध्ये तिसरी आणि सहावीची नवी पुस्तकं आली, पुढच्या वर्षी आणखी इयत्तांची. जुन्या फाइलींत मात्र ते वगळलेले धडे आजही सुखाने नांदत आहेत. म्हणून शाळेत गेल्या गेल्या एका मुलाकडून पुस्तक मागून घ्या आणि मुखपृष्ठ, आवृत्तीचं पान आणि आपल्या घटकाची पानं यांचे फोटो काढा.

मग त्याच विषयाचं आधीच्या इयत्तेचं आणि पुढच्या इयत्तेचं पुस्तक चाळा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पूर्वज्ञानाचे प्रश्न इथेच मिळतात. मुलांना काय आधीच येतं आणि कोणती गोष्ट पुढच्या वर्षासाठी ठेवायची, हे दोन्ही कळतं. नवशिक्या पाठांचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे एका तासात दोन वर्षांचं कोंबणं, आणि तो बऱ्याच अंशी इथेच टळतो.

वर्गशिक्षकांनाही एक प्रश्न जरूर विचारा: ‘सर, या घटकात मुलं दरवर्षी कुठे अडतात?’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे उत्तर मिळत नाही. ज्या मॅडमनी हा धडा वर्षानुवर्षं शिकवलाय, त्यांच्याकडे ते तयार असतं.

तिसरी पायरी: सावकाश होणारं साहित्य आधी सुरू करा

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक चांगले पाठ इथेच हातातून निसटतात.

काही साहित्य विकत मिळत नाही आणि उतरवूनही घेता येत नाही, ते घडावं लागतं. हरभरा रुजायला काही दिवस लागतात. पावावर बुरशी यायला चार-पाच दिवस. चंद्राच्या कला पाहायला किमान दोन आठवडे, आणि तेही पावसाळा नसताना. दोन कुंड्यांचा प्रसिद्ध प्रयोग, म्हणजे एकीत पालापाचोळा आणि साली, दुसरीत प्लास्टिक आणि काच, हा तीन-चार आठवडे मागतो. पाठाचा घटक तीन दिवस आधी कळल्यावर यातलं काहीच हाताशी राहत नाही. मग ‘मुलांनो, आपण कुंडीत साल पुरली आहे असं समजा’ असं म्हणावं लागतं, आणि त्या वाक्याबरोबर विज्ञानाचा तास संपतो.

यावर उपाय साधा आहे. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडून त्या सत्राचं मासिक नियोजन मागून घ्या. तुमच्या वाट्याला येऊ शकतील अशा घटकांवर खूण करा. प्रत्येकासमोर लिहा: वेळ लागणारं काही आहे का? असेल तर आजच सुरू करा. घटक दुसऱ्या छात्राध्यापकाकडे गेला तरी कुंड्या त्याच्या उपयोगी पडतील.

आठवीच्या सूक्ष्मजीवांच्या घटकासाठी मी हे असं मांडते. मातीच्या दोन कुंड्या किंवा कापलेल्या प्लास्टिकच्या बरण्या घ्या. पारदर्शक बरणी असली तर बाजूने थर दिसतात. एकीत बागेतली माती (विकतची निर्जंतुक माती नको, सूक्ष्मजीव तर त्या मातीतच हवेत), केळीची साल, सुकी पानं, पोळीचा तुकडा. दुसरीत तशीच माती, चिप्सच्या पाकिटाचा तुकडा, बाटलीचं झाकण, थर्माकोल. दोन्हींत सारखं पाणी शिंपडा. माती ओलसर हवी, चिखल नको. मांस-मासे घालू नका, वास आणि माश्या दोन्ही येतात. पुरण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि कागदावर तिची बाह्यरेषा आखून ठेवा. आठवड्यातून एकदा वर्गातल्या दोन मुलांना पाहायला लावा आणि त्यांच्याच शब्दांत तारीख घालून नोंद करून घ्या. हातमोजे किंवा काडी वापरा, नंतर साबणाने हात धुवायचे. बुरशी दाखवायची असेल तर पावाचा तुकडा बंद पारदर्शक पिशवीत ठेवा आणि ती पिशवी शेवटपर्यंत उघडू नका.

पाठाच्या दिवशी तुमच्याकडे मुलांनी लिहिलेल्या नोंदी असतील, आखलेल्या रेषा असतील आणि मातीतून काढलेलं जसंच्या तसं पाकीट असेल. प्रस्तावनेला गोष्ट शोधत बसायची गरज उरत नाही.

चौथी पायरी: शहर हाताशी आहे

वरचा पाठ इंदूरमध्ये घेणं म्हणजे घरच्या अंगणात घेणं. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ शहरांच्या यादीत वरच्या जागी असलेल्या या शहरातल्या मुलाला ओला-सुका कचरा शिकवावा लागत नाही. सकाळी गाडी येते तेव्हा तोच आईच्या हातातून डबे घेऊन खाली पळतो. मग त्याला तेच पुन्हा का सांगायचं? त्याच्यापुढे पुढचा प्रश्न ठेवा: तुझ्या डब्यातला ओला कचरा गाडीतून गेल्यावर त्याचं काय होतं? देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनवण्याच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव काम करतात, कुंडीत हवेवर जगणारे. एकाच कचऱ्याचे दोन मार्ग, एकातून गॅस, दुसऱ्यातून खत. आठवीच्या मुलाला झेपेल असा हा विचार आहे. वर्ग घेऊन जायचं असेल तर शाळेच्या लेटरहेडवर महापालिकेकडे आधी परवानगी मागावी लागेल. तेवढा वेळ नसेल तर गाडीवरच्या दादांना पाच मिनिटं थांबवून मुलांना प्रश्न विचारू द्या. त्यांना जे माहीत आहे ते कोणत्याही चार्टवर नसतं.

आणखी एक गोष्ट इंदूरच्या प्रत्येक छात्राध्यापकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. जगभरचे सेंद्रिय शेतकरी कंपोस्टच्या ज्या पद्धतीला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती इथलीच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत काम करत होते. आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर, ओलावा राखणं, ठरावीक दिवसांनी ढीग उलटून हवा देणं, आणि सुमारे तीन महिन्यांत खत: ही रीत त्यांनी इथल्या शेतकऱ्यांचं पाहून आणि मोजून बसवली. १९३१ मध्ये त्यावरचं इंग्रजी पुस्तक आलं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. ते ऑनलाइन वाचायला मिळतं. त्यातला ढीग उलटण्याचा भाग वाचा आणि मुलांना विचारा, ‘ढीग उलटला नाही तर काय होईल?’ हा प्रश्न तुम्हाला विज्ञानाच्या गाभ्यापर्यंत नेतो. विज्ञान, इतिहास आणि शेती तिन्ही एका तासात आणायचा मोह होईल, तो आवरा. हॉवर्ड यांना दोन मिनिटं पुरेत.

सामाजिक शास्त्रवाल्यांनी होळकरांच्या राजवाड्यासमोर जाऊन उभं राहावं. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. ‘असं का बांधलं असेल?’ एवढ्या एका प्रश्नावर सहावीचा वर्ग अर्धा तास बोलतो. १९८४ च्या आगीत काय जळलं आणि काय टिकलं, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. इंग्रजी सत्तेचा विस्तार शिकवताना होळकर आणि इंग्रज यांच्यातली महिदपूरची लढाई (डिसेंबर १८१७) आणि लगेच पुढच्या महिन्यातला मंदसौरचा तह घ्या. या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली, म्हणजे पुस्तकातला तो परिच्छेद मुलाच्या पत्त्यापर्यंत येऊन पोचतो. नागरिकशास्त्रात स्थानिक संस्था असतील तर स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांची आठवण करून द्या. होळकर दरबारासाठी त्यांनी १९१८ मध्ये शहराचा नियोजन अहवाल लिहिला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक जाहीर केली आणि ती ज्या भागात घरं-रस्ते सगळ्यांत स्वच्छ केले असतील तिथून जाईल असं ठरवलं. लोकसहभाग हा रुक्ष शब्द मुलांना यातून कळतो. संग्रहालयात जाणार असाल तर एकटे आधी जाऊन या, सुट्टीचा वार विचारा, आणि सगळं दालन दाखवण्याऐवजी दोनच वस्तू निवडा.

भूगोलासाठी सूर्य फुकट आहे. इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या जरा खाली. म्हणून सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात. त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आणि इंदूर ७६ अंशांच्या जवळ. अडचण अशी की जूनमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेलं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये दर आठवड्याला एकाच वेळी पटांगणात काठीची सावली मोजा आणि ती कशी आखूड होत जाते त्याचा आलेख काढा. मुलांनी सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे आधीच बजावा. शाळा सहल काढत असेल तर उज्जैनची वेधशाळा तासा-दीड तासावर आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली यंत्रं सावलीवर वेळ दाखवतात, आणि सावली मोजून गेलेल्या मुलांनाच ती खरी कळतात.

गणिताला फार लांब जावं लागत नाही. स्थानिक वर्तमानपत्रातले मंडीचे भाव आठवडाभर कापून ठेवा. सोयाबीन, हरभरा, गहू यांच्या भावांवर सरासरी, शेकडेवारी, स्तंभालेख सगळं होतं.

पाचवी पायरी: ग्रंथालय आणि मोबाइल

आता मोबाइल उघडा. हा क्रम मुद्दाम ठेवलाय. तुमच्याकडे वाक्य आहे, प्रश्न आहे, मुलं कुठे अडतात ते माहीत आहे. त्यामुळे घटकाचं नाव टाकून भटकण्याऐवजी नेमकं शोधता येईल.

सगळ्यात आधी शालेय शिक्षणावर काम करणाऱ्या एकलव्य संस्थेचं साहित्य पाहा. मध्य प्रदेशात राहून हे न पाहणं म्हणजे घरचा ठेवा विसरणं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. त्यातून सहावी ते आठवीसाठी ‘बाल वैज्ञानिक’ ही प्रयोगांवर उभी राहिलेली पुस्तकं तयार झाली. साध्या साहित्यात प्रयोग कसा बसवायचा आणि प्रयोगानंतर कोणता प्रश्न विचारायचा, हे शिकायला त्यांच्याइतकं चांगलं मला काही सापडलेलं नाही. ‘चकमक’ आणि ‘शैक्षणिक संदर्भ’ ही नियतकालिकंही पाहा. दुसऱ्यात शिक्षकांनी लिहिलेले वर्गातले अनुभव आहेत, आणि आपल्याला लागतं ते बहुधा तेच.

दीक्षा हे सरकारी व्यासपीठ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि प्रश्न मिळतात. सगळे चांगले नाहीत. पूर्ण पाहूनच ठरवा आणि शाळेतल्या नेटवर विसंबू नका, आदल्या रात्री उतरवून ठेवा. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, भौतिकशास्त्र आणि गणिताला उत्तम, आणि अनेक सिम्युलेशन हिंदी-मराठीतही आहेत. विद्युत परिपथ, अपूर्णांक, घनता यांसाठी जरूर वापरा. पण खरी बॅटरी आणि बल्ब मिळत असताना पडद्यावरचा बल्ब लावू नका. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि मराठी-हिंदी पुस्तकं मोफत आहेत. भाषेच्या पाठासाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याच्या चित्रगोष्टी मिळतात, त्या छापून वर्गात वाटता येतात.

चॅटबॉटला पाठ लिहायला सांगणारे आता पुष्कळ आहेत. माझं मत स्पष्ट आहे: टाचण त्याच्याकडून लिहून घेऊ नका. तो तुमच्या वर्गातल्या कोणालाच ओळखत नाही, आणि चुकीचं सालही ठामपणे सांगतो. ‘या संकल्पनेत आठवीच्या मुलांचे कोणते गैरसमज असू शकतात?’ असं विचारायला तो बरा आहे. आलेलं उत्तर पुस्तकाशी आणि वर्गशिक्षकांशी ताडून पाहा.

कागदाची पुस्तकं विसरू नका. कॉलेजच्या ग्रंथालयाखेरीज शासकीय अहिल्या केंद्रीय ग्रंथालय आहे. तिथल्या ताईंना विषय आणि इयत्ता दोन्ही सांगितलं की काम लवकर होतं.

आपल्याला दोन भाषांचा फायदा आहे

इंदूरच्या मराठी घरातला छात्राध्यापक बहुधा हिंदीत शिकवतो आणि मराठी वाचू शकतो. याचा उपयोग करून घ्या. महाराष्ट्राच्या बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत आहेत. तोच घटक दुसऱ्या राज्याने कोणत्या उदाहरणाने सुरू केला ते पाहिलं की आपल्यालाही वेगळं सुचतं. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन आहेत, भाषा आणि परिसर अभ्यासाला त्यात खूप काही मिळेल.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठीतून घेतलेली संज्ञा हिंदी पुस्तकाशी ताडल्याशिवाय फळ्यावर लिहू नका. आपली ‘पेशी’ हिंदी पुस्तकात ‘कोशिका’ असते, आणि तिथे ‘पेशी’ म्हणजे स्नायू. जीवशास्त्राच्या तासाला एवढी चूक वर्गाचा गोंधळ उडवायला पुरते.

सहावी पायरी: चाळणी

जमलेलं सगळं टेबलावर मांडा आणि निम्मं बाजूला काढा. प्रत्येक वस्तूला विचारा: ही नसली तर पाठाचं काय अडेल? काही अडत नसेल तर ती सजावट आहे. शेवटच्या बाकावरून दिसते का? स्वतः मागे बसून पाहा. मुलं हिला हात लावणार की मी नुसती दाखवणार? हात लावणार असतील तर सहा गटांना सहा नग हवेत, आणि वाटायला-गोळा करायला तीन-चार मिनिटं धरायला हवीत. तयार चार्ट बहुतेक या चाळणीत अडकतो, कारण त्यावर वीस नावं असतात आणि आपल्याला पाच लागतात. ती पाच फळ्यावर मुलांसमोर काढा. चित्र सुबक नसलं तरी चालेल, ते हळूहळू तयार होताना मुलं पाहतात.

वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला तर काय, याचं उत्तरही आदल्या रात्रीच ठरलेलं असू द्या.

सातवी पायरी: टाचणात साहित्याची जागा

बहुतेक फाइलींत ‘शैक्षणिक साधने’ असा रकाना वर असतो: खडू, फळा, डस्टर, चार्ट. कॉलेजला हवा असेल तर भरा. पण खरी नोंद खाली, अध्यापनाच्या टप्प्यात करा: कोणत्या मिनिटाला कोणती वस्तू बाहेर येणार, तिच्यासोबत कोणता प्रश्न विचारणार, आणि मुलांकडून कोणती दोन-तीन उत्तरं अपेक्षित आहेत. चुकीचं उत्तरही लिहून ठेवा. ‘पाकीट कडक आहे म्हणून कुजत नाही’ असं कोणीतरी म्हणणारच. मग तुमच्याकडे सुकी काडी तयार असू द्या: कडक तर तीही आहे, मग ती कशी कुजते? निरीक्षक मॅडमना पाठ बघताना हाच भाग दिसायला हवा.

पाठ झाल्यावर

त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, टाचणाच्या मागच्या पानावर चार ओळी लिहा: कोणता प्रश्न चालला, कोणती वस्तू उगाच नेली, कोणत्या मुलाने काय विचारलं. दुसऱ्या दिवशी हे आठवत नाही. साहित्य घटकानुसार जाड पाकिटांत ठेवा आणि बाहेर इयत्ता, घटक, पुस्तकाची आवृत्ती आणि साहित्य कुठून आणलं ते लिहा. बॅचमधल्या चौघी-पाच जणींनी विषय वाटून घेतले तर वर्षाअखेर प्रत्येकीकडे सगळ्यांचा साठा असतो. वाटताना मुलांची नावं आणि चेहऱ्यांचे फोटो काढून टाका. मुलांच्या वहीतल्या नोंदी वापरायच्या असतील तर वर्गशिक्षकांना विचारूनच घ्या, आणि मूळ वही मुलाला परत द्या.